वृद्ध मांजराचे पथ्य आणि पोषण
पचन नाजूक झालेल्या मांजरासाठी योग्य आहाराची निवड

मांजर डोळे मिटून दूध पिते, ही म्हण मराठी घरांत इतकी रुळलेली आहे की मांजर म्हटले की दुधाची वाटी ओघानेच आठवते. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. पिल्लू आईचे दूध सोडते, तसतसे त्याच्या आतड्यातील दुधाची साखर पचवणारे विकर कमी होत जाते आणि प्रौढ मांजरात ते फारच थोडे उरते. तरुण मांजर थोडेसे दूध कसेबसे पचवून नेते. बारा-चौदा वर्षांच्या मांजराला त्याच दुधाने जुलाब होतात, शरीरातील पाणी कमी होते आणि ते आठवडाभरात ओळखू न येण्याइतके खंगू शकते. मायेने दिलेले अन्न आणि सोसणारे अन्न यांतील हे अंतर म्हातारपणी वाढत जाते.

आज अनेक घरांत मुले परगावी किंवा परदेशी असतात आणि आजी-आजोबांच्या सोबतीला एखादे मांजर असते. दोघांचेही वय झालेले असते. मांजर खाईनासे झाले, वारंवार ओकू लागले, हाडे हाताला लागू लागली की घरात एक वाक्य हमखास ऐकू येते : “वयच झाले आता त्याचे.” ज्येष्ठ माणसांच्या बाबतीत हेच वाक्य किती घातक ठरते, हे या पाक्षिकाच्या वाचकांना निराळे सांगायला नको. म्हातारपण हा आजार नव्हे. परंतु म्हातारपणाच्या आड अनेक आजार दडून बसतात. त्यांतील कित्येक उपचाराने आणि योग्य आहाराने आटोक्यात ठेवता येतात. म्हणून वृद्ध मांजराच्या आहाराचा विचार थोडा पद्धतशीरपणे करणे आवश्यक आहे.

वयाबरोबर काय बदलते?

साधारणपणे दहा वर्षांपुढील मांजर ज्येष्ठ समजले जाते. पंधरा वर्षांचे मांजर माणसाच्या हिशेबात पंचाहत्तरीच्या आसपास असते. मध्यम वयात मांजरे स्थूल होतात, कारण हालचाल कमी आणि खाणे तेवढेच. अकरा-बारा वर्षांनंतर मात्र चित्र उलटते. अनेक वृद्ध मांजरांची स्निग्ध पदार्थ पचवण्याची क्षमता घटते, काहींची प्रथिने पचवण्याची क्षमताही घटते. खाल्लेले सगळे अंगी लागत नाही. स्नायू झिजू लागतात. पाठीचा कणा आणि मागच्या पायांच्या मांड्या यांवरून हात फिरवला तर ही झीज प्रथम कळते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. वय झाले म्हणून हलके अन्न द्यावे, मांस कमी करून भात-पोळी वाढवावी, हा माणसांच्या पथ्याचा नियम मांजराला लावू नये. वृद्ध मांजराला उत्तम प्रतीची, सहज पचणारी प्रथिने कमी नव्हे, तर पुरेशी आणि अनेकदा अधिक लागतात.

याच्या जोडीला इतरही बदल होतात. वास घेण्याची शक्ती मंदावते आणि मांजराची भूक मुख्यतः वासावर अवलंबून असते. दात किडतात, हिरड्या सुजतात. सांधे दुखतात, म्हणून उंचावर ठेवलेल्या ताटलीपर्यंत उडी मारणे जमत नाही. तहान तर मांजराला मुळातच कमी. त्याचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी प्रदेशातील असल्याने शिकारीच्या शरीरातील पाण्यावरच त्यांचे बरेचसे भागत असे. म्हातारपणी हीच कमी तहान बद्धकोष्ठाला आणि मूत्रपिंडाच्या त्रासाला हातभार लावते.

आधी निदान, मग आहार

पचन बिघडले की खाद्याचा ब्रँड बदलण्याचा मोह होतो. परंतु उलट्या आणि जुलाब ही लक्षणे आहेत. त्यांमागचे कारण पोटातच असेल असे नाही. भूक उत्तम असूनही वजन उतरत असेल, तर थायरॉइड ग्रंथी अधिक काम करू लागल्याचा किंवा मधुमेहाचा संशय घ्यावा लागतो. पाणी पिणे आणि लघवी वाढली असेल, तर मूत्रपिंड तपासावे लागते. जुनाट मूत्रपिंडविकार हा वृद्ध मांजरांत फार आढळणारा आजार आहे. तोंडाशी घास नेऊन मांजर मागे सरत असेल, एकाच बाजूने चावत असेल किंवा लाळ गळत असेल, तर दुखणे दातांचे असू शकते. उलट्या किंवा जुलाब तीन आठवड्यांहून अधिक काळ येऊन-जाऊन चालू असतील, तर आतड्यांचा जुनाट दाह किंवा आतड्यातील मंदगतीचा कर्करोग यांची तपासणी करावी लागते.

“केसांचा गोळा ओकते, मांजरांना ते नेहमीचेच” ही समजूत अर्धवट खरी आहे. क्वचित केस ओकणे समजण्यासारखे आहे. आठवड्याला दोन-तीनदा ओकणे हे कोणत्याही वयात सामान्य नव्हे.

म्हणून आहार बदलण्यापूर्वी पशुवैद्याकडून शारीरिक तपासणी, रक्त, लघवी आणि विष्ठेची तपासणी करून घ्यावी. आतड्यांच्या जुनाट विकारात ब-१२ जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही. ते कमी असल्याचे आढळले, तर पूरक मात्रा दिल्यावाचून नुसत्या आहाराने सुधारणा होणे कठीण असते. निदान झाले की आहाराची दिशा आपोआप स्पष्ट होते. मूत्रपिंडविकारात फॉस्फरस कमी असलेले खाद्य लागते, मधुमेहात कर्बोदके कमी असलेले. हे दोन्ही अंदाजाने ठरवू नये.

मांसाहारी देहाची गरज

मांजर हा सक्तीचा मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा वरणभातावर काही काळ तग धरतो. मांजराचे तसे नाही. टॉरिन नावाचे पोषकद्रव्य मांजराचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही आणि ते मिळते केवळ प्राणिज ऊतींतून. टॉरिनच्या अभावी मांजरांच्या डोळ्यांतील पडदा झिजून अंधत्व येते, हे १९७५ मध्ये स्पष्ट झाले. पुढे १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की याच अभावामुळे मांजरांचे हृदय फुगून दुर्बल होते, आणि टॉरिन दिल्यावर ते पुष्कळ अंशी सुधारतेही. त्यानंतर खाद्यनिर्मात्यांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले आणि हा हृदयविकार पुष्कळच कमी झाला. गाजर-भोपळ्यातील रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवण्याची सोयही मांजराच्या शरीरात नाही. ते त्याला प्राणिज अन्नातूनच तयार स्वरूपात मिळावे लागते.

ज्या घरात मांस शिजत नाही, तेथे हा प्रश्न नाजूक असतो. मांजराला शाकाहारी करणे हा त्यावरील उपाय नाही. परिपूर्ण पॅकबंद खाद्य, त्याची स्वतंत्र ताटली आणि स्वतंत्र जागा, अशी तडजोड अनेक शाकाहारी कुटुंबे शांतपणे करतात. घराचे आचार आणि प्राण्याची प्रकृती या दोहोंचा मान त्यात राहतो.

खाद्य निवडताना

पचन नाजूक असलेल्या मांजरासाठी निवड करताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली, खाद्य परिपूर्ण आहे की पूरक. काही पाकिटांवर ते परिपूर्ण व संतुलित असल्याचे स्पष्ट लिहिलेले असते. काही पाकिटे केवळ खाऊ म्हणून असतात. चाटण्याच्या नळ्या आणि नुसते माशाचे तुकडे हे बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांवर रोजचे पोषण होत नाही.

दुसरी, प्रथिनांचा स्रोत. घटकांच्या यादीत सुरुवातीलाच कोंबडी, टर्की, मासे अशा मांसाचे स्पष्ट नाव असावे. ज्या मांजराला विशिष्ट अन्न सोसत नसल्याचा संशय असतो, त्याला पशुवैद्य पूर्वी कधी न खाल्लेल्या एकाच मांसाचे किंवा प्रथिनांचे रेणू सूक्ष्म केलेले विशेष खाद्य सुचवतात. असा प्रयोग चालू असताना दुसरा एकही घास देऊ नये. शेजारच्या काकूंनी मायेने दिलेला बिस्किटाचा तुकडाही सगळा निष्कर्ष बिघडवतो. पोटाच्या तक्रारींत फरक पडणार असेल, तर तो बहुधा दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतो.

तिसरी, पाण्याचा अंश. ओल्या खाद्यात साधारण ७५ ते ८० टक्के पाणी असते, कोरड्यात सुमारे १० टक्के. बद्धकोष्ठ, मूत्रपिंडविकार किंवा दातांचे दुखणे असलेल्या वृद्ध मांजराला ओले खाद्य अधिक सोयीचे. ज्याला आयुष्यभर कोरडे दाणेच आवडले, त्याच्या दाण्यांवर कोमट पाणी शिंपडून सुरुवात करावी. ओलवलेले खाद्य मात्र आपल्याकडच्या उकाड्यात फार वेळ उघडे ठेवू नये. अर्ध्या-पाऊण तासात उरलेले काढून टाकावे.

चौथी, तंतुमय पदार्थ. थोडे विद्राव्य तंतू मल बांधून येण्यास आणि बद्धकोष्ठातही मदत करतात. लाल भोपळ्याचा उकडून केलेला गर किंवा पाण्यात भिजवलेला चिमूटभर इसबगोल काही मांजरांना मानवतो. परंतु इसबगोल कोरडा देऊ नये, आणि त्याची मात्रा पशुवैद्यालाच विचारावी.

वेष्टनावरचे आकडे

ओल्या पाकिटावर प्रथिने १० टक्के आणि कोरड्या खाद्याच्या पिशवीवर ३२ टक्के असे वाचले की कोरडे खाद्य तिप्पट पौष्टिक वाटते. ही तुलना फसवी आहे, कारण त्यात पाणी मोजलेले नाही. हिशेब सोपा आहे. ओल्या खाद्यात ८० टक्के पाणी असेल, तर शंभर ग्रॅममध्ये कोरडा अंश २० ग्रॅम. त्यात प्रथिने १० ग्रॅम, म्हणजे कोरड्या अंशाच्या ५० टक्के. कोरड्या खाद्यात पाणी १० टक्के, म्हणून कोरडा अंश ९० ग्रॅम आणि त्यात प्रथिने ३२ ग्रॅम, म्हणजे सुमारे ३५ टक्के. पाणी वजा केल्यावर ओले खाद्यच प्रथिनांनी समृद्ध ठरते.

मात्रेचाही हिशेब करावा. चार किलो वजनाच्या मांजराला दिवसाला ढोबळमानाने २०० किलोकॅलरी लागतात. खंगलेल्या मांजराला अधिक. एवढी ऊर्जा कोरड्या खाद्याच्या साधारण ५० ते ५५ ग्रॅममध्ये मिळते, तर ८५ ग्रॅमची ओली पाकिटे त्यासाठी सुमारे तीन लागतात. दिवसाला एका पाकिटावर मांजर “बरे चालले आहे” असे वाटत असले, तरी ते अर्धपोटी असते. दोन्ही प्रकार मिसळून दिल्यास खर्चही आवाक्यात राहतो.

घरचे अन्न : किती आणि केव्हा?

घरी शिजवलेल्या ताज्या अन्नावर आपला स्वाभाविक विश्वास असतो. पोट बिघडले असता एक-दोन दिवस हाडे काढलेली, मीठ-मसाला-तेल न घालता उकडलेली कोंबडी थोडी थोडी देणे योग्यच आहे. परंतु तोच कायमचा आहार झाला, तर त्यात कॅल्शियम आणि इतर अनेक घटकांची उणीव राहते. २०१९ मध्ये अमेरिकेत डेव्हिस येथील संशोधकांनी मांजरांसाठी प्रसिद्ध झालेल्या अनेक घरगुती पाककृती तपासल्या. आवश्यक सर्व पोषकद्रव्ये पुरवणारी एकही त्यांना आढळली नाही. घरचेच अन्न द्यायचे असल्यास पशुवैद्याच्या सल्ल्याने टॉरिन, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची नेमकी पूरके त्यात घालावीत.

कोकणपट्टीत आणि मुंबईत मांजर माशांवर वाढते. उकडलेला, काटे काढलेला मासा अधूनमधून उत्तम. मात्र अनेक प्रकारच्या कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते. शिजवल्याने ते निष्प्रभ होते. सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा यांत मीठ अतोनात असते. मूत्रपिंड थकलेल्या मांजराला ते सोसत नाही. केवळ काळजावर म्हणजे यकृतावर पोसलेल्या मांजरात अ जीवनसत्त्व साचून मानेची हाडे जखडतात. एकच आवडता पदार्थ रोज देणे हे लाड ठरत नाहीत.

कच्चे मांस वृद्ध मांजराला देऊ नये आणि वृद्ध माणसांच्या घरात तर मुळीच नको. त्यातील जंतू ताटली, ओटा आणि हात यांवाटे माणसांपर्यंत पोहोचतात. डिसेंबर २०२४ अखेर नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. मार्जारकुळाला हा विषाणू किती घातक ठरतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

बदल हळूहळू

पचन नाजूक असलेल्या मांजराचे खाद्य एका दिवसात बदलू नये. पहिले दोन-तीन दिवस नव्या खाद्याचा एक भाग आणि जुन्याचे तीन भाग, नंतर निम्मे-निम्मे, मग तीन भाग नवे व एक भाग जुने, असे करत आठ-दहा दिवसांत बदल पूर्ण करावा. मध्येच मल सैल झाला तर एक पायरी मागे यावे.

दिवसातून दोनदा पोटभर देण्याऐवजी चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. फ्रिजमधले खाद्य थेट वाढू नये. वाटी कोमट पाण्यात ठेवून ते अंगाइतके कोमट करावे, म्हणजे वास सुटतो आणि मंदावलेली भूक चाळवते. ताटली उथळ आणि पसरट असावी, मातीच्या भांड्याच्या किंवा विटेच्या आधाराने किंचित उंच ठेवावी. पाण्याची भांडी घरात दोन-तीन ठिकाणी ठेवावीत.

मांजराने चोवीस तास काहीच खाल्ले नाही, तर पशुवैद्याला कळवावे. दोन दिवस वाट पाहू नये. मांजराचा उपास माणसाच्या एकादशीसारखा निरुपद्रवी नसतो. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचून ते निकामी होऊ शकते, आणि हा धोका स्थूल मांजरांना सर्वाधिक असतो. ‘भूक लागली की खाईल’ म्हणून नवे खाद्य समोर ठेवून उपाशी ठेवणे यासाठीच टाळावे.

हे कधीही देऊ नये

कांदा आणि लसूण कच्चा, शिजवलेला वा भुकटी कोणत्याही रूपात मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतो. आमटी-रस्सा कालवलेला भात त्यामुळेच वर्ज्य. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, मद्य आणि कच्चे पीठ हेही टाळावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माणसांची औषधे. घरात तापासाठी ठेवलेली पॅरासिटामॉलची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ती निकामी करण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात जवळजवळ नाही. ज्येष्ठांच्या घरात गोळ्यांचा डबा उशाशी असतो. पडलेली गोळी उचलण्याची सवय घरातल्या सर्वांनी लावून घ्यावी.

सांभाळणाऱ्यांसाठी

दृष्टी मंदावलेल्या आणि स्मरण कधीमधी दगा देणाऱ्या आजी-आजोबांसाठी भिंतीवरची दिनदर्शिका हे उत्तम साधन आहे. त्या दिवशी मांजराने किती खाल्ले, ओकले का, मल कसा झाला, एवढे तीन शब्दांत लिहावे. महिन्यातून एकदा वजन करावे. मांजर हातात घेऊन काट्यावर उभे राहताना तोल जाण्याची भीती असते. त्याऐवजी मांजराला टोपलीत बसवून वजन करावे आणि टोपलीचे वजन वजा करावे. चार किलोच्या मांजराचे चारशे ग्रॅम वजन उतरणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहा किलो उतरणे होय. डोळ्यांना न दिसणारी ही घट काटा दाखवतो, आणि पशुवैद्याला वहीतल्या या नोंदींचा मोठा उपयोग होतो.

ताटली येण्याजाण्याच्या वाटेत ठेवू नये. सांडलेल्या पाण्यावर पाय घसरून होणारा अपघात मांजराच्या अपचनाहून गंभीर असतो. वाकणे कठीण असेल, तर ताटली खालच्या स्टुलावर ठेवावी, मात्र मांजराला तेथे सहज चढता आले पाहिजे. विष्ठेचा ट्रे रोज साफ करावा, शक्यतो हातमोजे घालून. ट्रेची कड कमी उंचीची असावी. सांधे दुखणारे मांजर उंच कड ओलांडण्याचे टाळते आणि बद्धकोष्ठ वाढते. मांजराला सांभाळणारी व्यक्ती स्वतः रुग्णालयात गेली, तर कोणते खाद्य, किती आणि कोणत्या वेळी, याचा कागद शेजाऱ्यांच्या हाती असावा.

पथ्य की सुख?

एक कठीण प्रसंग अनेक घरांत येतो. पशुवैद्याने सांगितलेले विशेष खाद्य मांजर हुंगून निघून जाते, आणि नेहमीचे खाद्य मात्र थोडेफार खाते. अशा वेळी नियम असा : योग्य पण न खाल्लेल्या अन्नाचा काही उपयोग नाही. आधी पोटात काही जाणे महत्त्वाचे; नंतर ते हळूहळू अधिक योग्य करता येते. मळमळ कमी करणारी आणि भूक वाढवणारी मांजरांसाठीची औषधे उपलब्ध आहेत. ती पशुवैद्याकडे मागावीत. जबरदस्तीने तोंडात अन्न कोंबू नये; ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, शिवाय मांजराच्या मनात त्या अन्नाविषयी कायमची अढी बसते.

आणि आजार बरा होण्यापलीकडचा आहे असे पशुवैद्याने स्पष्ट सांगितले असेल, तर पथ्याचा आग्रह सैल करण्यास हरकत नसते. अशा वेळी आवडीच्या माशाचे दोन घास आणि उन्हाची जागा याला औषधाइतकेच मोल असते. हा निर्णय मात्र तपासणीनंतर घ्यावा, तपासणी टाळून नव्हे. वय झाले म्हणून सोडून दिलेले दुखणे आणि सर्व प्रयत्नांनंतर समजून स्वीकारलेला शेवट यांत फार मोठे अंतर असते. ते अंतर राखणे हीच सांभाळणाऱ्याची खरी जबाबदारी होय.